पाणी अडलंय कुठं?

मुलांनो, अशी कल्पना करा. रविवारची सकाळ. नळाला पाणी आलं तसं आईनं वॉशिंग मशीन लावलं. आठवड्याचे युनिफॉर्म, बाबांचे शर्ट, दोन चादरी. तासाभरानं तुम्ही सहज डोकावलात, तर मशीन गप्प उभं आणि आत सगळे कपडे मळकट साबणाच्या पाण्यात डुंबतायत! बटणं दाबून झाली, झाकणावर दोन चापट्या मारून झाल्या (आपल्याकडे रेडिओपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना हा उपचार लागू असतो), पण पाणी काही हलत नाही. मग घरातलं कुणीतरी ते ठरलेलं वाक्य बोलतं, "गेलं वाटतं मशीन!"

थांबा. निकाल द्यायची इतकी घाई नको. आपल्या मराठीत दोन फार चांगले शब्द आहेत, बिघडणं आणि अडणं. सायकलचं चाक वाकलं तर सायकल बिघडली. पण साखळीत ओढणी अडकली तर? तेव्हा सायकल बिघडलेली नसते, अडलेली असते. ओढणी सोडवली की पुन्हा पळायला लागते. पाणी सोडायला तयार नसलेलं मशीन पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारातलं असतं. आत काही मोडलेलं नसतं, काही जळलेलं नसतं. कुठंतरी एखादं नाणं, एखादा मोजा, नाहीतर पाइपाला पडलेली एक मुरड पाण्याची वाट अडवून बसलेली असते.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही बरं का! या दोन शब्दांमध्ये घरातले बरेच पैसे असतात. मेकॅनिक येतो, मशीनला कान लावतो, "पंप गेला" म्हणतो आणि नवा पंप बसवून जातो. जुना पंप खरंच जळला होता की त्यात एक रुपया अडकला होता, हे घरात कुणालाच कळत नाही. सगळे मेकॅनिक असं करतात असं मुळीच नाही. पण आपल्यालाच काही माहीत नसेल, तर प्रामाणिक माणसालाही आपण नेमकं काय झालंय ते सांगू शकत नाही. फोनवर नुसतं "मशीन बंद पडलंय हो" एवढंच सांगतो आणि तोही बिचारा चुकीचं सामान घेऊन येतो.

तर आज आपण पाण्याचा माग काढू या. पाणी टबात आहे, ते मोरीत जायला हवं. मधे जी जी ठिकाणं लागतात ती एकेक तपासायची.

आधी प्लग, मग बाकी सगळं

मशीनच्या कुठल्याही भागाला हात घालण्याआधी प्लग काढायचा. भिंतीवरचं बटण नुसतं बंद करून भागत नाही. काही घरांत वायरिंग करताना बटण चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसवलेलं असतं. मग बटण बंद दिसतं, पण २३० व्होल्टची वीज मशीनच्या पोटात पोचलेली असतेच. शिवाय आपण उभे कुठं? ओल्या फरशीवर. म्हणून हात कोरडे करून, पायात रबरी चपला घालून, वायर न ओढता प्लगच धरून बाहेर काढायचा, आणि हे काम घरातल्या मोठ्या माणसानंच करायचं.

दुसरं म्हणजे पाणी. पुढून दार असलेली मशीनं पाणी स्वतः गरम करतात. काही वेळा ६० अंशांपर्यंत, तर काही वेळा ९० अंशांपर्यंतसुद्धा! तसं पाणी आत असेल तर ते निवेपर्यंत थांबायचं. तिसरं, मशीनच्या पाठीचा पत्रा उघडायचा नाही. आत कपॅसिटर नावाचा भाग असू शकतो आणि तो प्लग काढल्यावरही काही काळ वीज धरून ठेवू शकतो. आज आपल्याला जे करायचं आहे त्यासाठी पत्रा उघडण्याची गरजच नाही.

मग तुम्ही काय करायचं? टॉर्च धरायचा, कान द्यायचे आणि डोकं चालवायचं. खरं काम तेच आहे.

आणि सगळ्यात आधी एक अगदी सोपी परीक्षा. मशीनचा पाइप ज्या मोरीत जातो तिथं बादलीभर पाणी एकदम ओता. ते सरसर गेलं तर ठीक. तुंबून वर यायला लागलं तर मशीन बिचारं निर्दोष आहे! जाळीखाली केस, साबणाचा साका आणि कपड्यांचं तूस यांचा गोळा झालेला असेल. तो काढा आणि मशीनची माफी मागा.

उताराला वाहणारं की उपसून टाकलेलं?

आपल्याकडे तीन तऱ्हेची मशीनं दिसतात. दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक, वरून झाकण असलेलं पूर्ण ऑटोमॅटिक आणि पुढं गोल काचेचं दार असलेलं फ्रंट लोडिंग. पण आपल्या आजच्या कामापुरता एकच प्रश्न महत्त्वाचा आहे. पाणी आपल्या वजनानं खाली वाहून जातं, की पंप ते उपसून टाकतो?

हे बाहेरूनच ओळखता येतं. पाण्याचा पाइप मशीनच्या बुडापासून निघून जमिनीवर लोळत मोरीत जात असेल, तर पाणी उताराला वाहणारं. तोच पाइप मशीनच्या पाठीवरून वर चढून, छत्रीच्या मुठीसारखा वाकून बेसिनमध्ये किंवा भिंतीतल्या नळीत उतरत असेल, तर आत पंप आहे. सेमी-ऑटोमॅटिक मशीनं जवळजवळ सगळी पहिल्या जातीची. वरून झाकण असलेल्यांतही आपल्याकडे पुष्कळ पहिल्या जातीचीच. फ्रंट लोडिंगला मात्र पंप लागतोच, कारण त्याचा ड्रम जवळपास जमिनीला टेकलेला असतो. तिथून पाणी आणखी खाली जाणार कुठं?

आधी उताराचं मशीन घेऊ. इथं पाण्याचा नियम तुम्हाला आम्हाला सगळ्यांना माहीत असलेलाच : पाणी चढ चढत नाही. आणि तरीही घरोघरी नेमकं हेच विसरलं जातं! उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, म्हणून धुण्याचं पाणी वाया जाऊ नये, फरशी पुसायला नाहीतर संडासात ओतायला उपयोगी पडावं, असं म्हणून आजी पाइपाचं तोंड बादलीत सोडतात. सवय फार चांगली. पण बादलीचा काठ टबाच्या तळाहून उंच असेल तर? पाइप जिथं सर्वांत उंच चढलाय, सहसा त्या उंचीपर्यंतच पाणी उतरतं. त्याच्या खालचं टबातच बसून राहतं. मोरीचा उंच कट्टाही हाच घोटाळा करतो. पाइप खाली जमिनीवर आणून बघा, पाणी धावत सुटेल. बादलीच भरायची असेल तर मशीन एखाद्या भक्कम, न डुगडुगणाऱ्या स्टँडवर ठेवायला हवं, किंवा बादलीऐवजी उथळ घमेलं घ्यायला हवं.

पाइप खाली आहे, तरी पाणी येत नाही? मग मशीनच्या मागं टॉर्च मारा. जागा कमी म्हणून मशीन भिंतीला रेटलेलं असतं आणि मागं पाइप चेंगरून चपटा झालेला असतो. पाइपाला मुरड पडली की ती नुसती सरळ करून भागत नाही. तिथलं प्लॅस्टिक दुमडायला शिकलेलं असतं, पुन्हा तिथंच दुमडतं. असा पाइप बदललेला बरा.

आता सेमी-ऑटोमॅटिकचं ड्रेनचं बटण. हे बटण फिरवलं की आत काय होतं ठाऊक आहे? काही विजेबिजेचं नाही! एक पट्टी किंवा दोरी ओढली जाते आणि टबाच्या तळाच्या भोकावर बसलेलं रबरी बूच उचललं जातं. बस्स. म्हणून बटण फिरवताना हाताला काय लागतं ते बघा. थोडा ताण लागला, म्हणजे बूच उचललं जातंय आणि अडथळा पुढं पाइपात आहे. बटण पोकळ, सैल फिरलं, कुठं ओढच लागली नाही, तर पट्टी निसटली किंवा तुटली. ते काम मेकॅनिकचं, पण त्याला आपण "ड्रेनची पट्टी सुटलीय" असं थेट सांगू शकतो. काम छोटं आहे हे त्यालाही कळतं आणि आपल्यालाही.

याच बुचाचा एक उलटा खोडसाळपणाही असतो. बूच आणि भोक यांच्या मधे एखादा धागा किंवा काडी अडकली, की बूच नीट बसत नाही. मग पाणी जात नाही ही तक्रार नसते, पाणी साठतच नाही ही तक्रार असते. आपण वरून बादल्या ओततोय आणि खालून ते हळूहळू पसार!

पूर्ण ऑटोमॅटिक मशीनमध्ये बटण फिरवायला माणसाचा हात नसतो, म्हणून एक लहानशी मोटर ती तार ओढते. गंमत म्हणजे बऱ्याच मशीनमध्ये हीच ओढ दोन कामं करते. पाण्याची झडप उघडते आणि ड्रमचा ब्रेक सोडून तो गरगर फिरायला मोकळा करते. त्यामुळे ती मोटर बंद पडली की पाणीही जात नाही आणि कपडे पिळूनही निघत नाहीत. घरातले म्हणतात, दोन बिघाड झाले. असतो एकच.

पंपाचं ऐका

आता पंपवाली मशीनं. इथं कान फार उपयोगी पडतात. प्लग काढण्याआधीच मोठ्यांना मशीनवर नुसतं ड्रेन किंवा स्पिन लावायला सांगा आणि मशीनला हात न लावता, हातभर दूर उभं राहून ऐका.

नुसताच जाड, दबलेला "गूंऽऽ" आवाज येतोय आणि पाणी हलत नाही? पंप फिरायला धडपडतोय, पण त्याच्या पात्यात काहीतरी अडकलंय. खडखड, किरकिर येतेय? नाणं, खडा, बटण असं काहीतरी आत नाचतंय. पंप मजेत फिरल्यासारखा एकसारखा आवाज आहे, पण पाणी बाहेर पडत नाही? मग पंपाच्या पुढं पाइप चोंदलाय किंवा चेंगरलाय. आणि काहीच आवाज नाही? तर पंपापर्यंत वीज पोचत नाहीये, किंवा त्याची कॉइल जळलीय. खरं बिघडणं असेल तर ते या शेवटच्या गटात. तिथं आपण थांबायचं.

काही मशीनं तर आपली तक्रार लिहून दाखवतात. पाणी ठरावीक वेळात गेलं नाही की पडद्यावर अक्षरं उमटतात. एलजीच्या मशीनवर ओ आणि ई, बॉशच्या बऱ्याच मशीनवर ई आणि १८. पण ही अक्षरं "पाणी गेलं नाही" एवढंच सांगतात. का गेलं नाही हे सांगत नाहीत. ते आपणच शोधायचं.

ऐकून झालं? मशीन बंद करा, प्लग काढा. आता मशीनच्या पुढच्या बाजूला अगदी खाली, एका कोपऱ्यात लहानसं चौकोनी किंवा गोल झाकण दिसेल. ते उघडलं की आत पिळून बसवलेला एक मोठा बूचासारखा भाग असतो. हा फिल्टर, म्हणजे पंपाची गाळणी. मेकॅनिक लोकांत याला "कॉइन ट्रॅप" म्हणतात, नाण्यांचा सापळा! नाव अगदी बरोबर आहे. २०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं सुमारे २२ मिलिमीटर रुंद. पाण्याच्या पाइपाचं भोक साधारण दोन सेंटिमीटर. नाणं पाइपात शिरलं तर मधेच घट्ट बसणार, म्हणून ते त्याआधीच पकडायची ही व्यवस्था.

पण ड्रमची भोकं तर बारीक असतात, मग नाणं तिथं पोचतं कसं? काचेच्या दाराभोवती जे जाड रबर असतं, त्याच्या आणि ड्रमच्या कडेच्या मधे एक फट असते. खिशातून सुटलेलं नाणं, सेफ्टीपिन, केसांची पिन, टाचणी, शर्टाचं बटण, अगदी बाळाचा मोजासुद्धा त्या फटीतून पलीकडे जातो. जोडीतला एकच मोजा हरवतो ना नेहमी? एकदा या सापळ्यात शोधून पाहा.

आता सावध. आत बादलीभर पाणी आहे आणि हे बूच जमिनीपासून जेमतेम चार बोटं उंचीवर. तिथं बादली मावत नाही! उथळ ताट, परात किंवा केर भरायची धुतलेली सुपली लावायची, भोवती जुनी फडकी पसरायची. काही मशीनमध्ये बुचाशेजारी एक बारीक रबरी नळी असते. असेल तर आधी तिचं टोपण काढून तिच्यातून पाणी काढावं. नसेल, तर बूच घड्याळाच्या उलट दिशेला अगदी थोडं फिरवायचं. पाणी झिरपू लागेल. परात भरत आली की बूच पुन्हा घट्ट करायचं, परात रिकामी करायची, पुन्हा सैल करायचं. आठ-दहा खेपा होतील. कंटाळा करून बूच एकदम काढलंत, तर पाणी तुमचं ऐकणार नाही. ते थेट दिवाणखान्याकडे निघेल.

पाणी संपलं की बूच पूर्ण बाहेर काढा. आता जे काही निघेल ते बघण्यासारखं असतं. तुसाचा करडा, बुळबुळीत लगदा. त्यात गुंतलेले केस. विरघळलेल्या कागदाचे कण, कारण कुणाच्या तरी खिशात एसटीचं तिकीट राहिलेलं असतं. आणि त्यात चमकणारा एखादा रुपया. पिना असू शकतात, तेव्हा हात घालताना जपून. मोठ्यांनी जाड रबरी हातमोजा घालावा.

भोकात टॉर्च मारलात की पलीकडे पंपाचं लहानसं पातं दिसेल. पेन्सिलीच्या बोथट टोकानं ते हळूच फिरवून पाहा. ते सरळ गरगर फिरत नाही. थोडं फिरतं, अडतं, झटका खाऊन पुढच्या जागी जातं. इथं पुष्कळ मोठी माणसं फसतात आणि "पंप जाम झालाय" म्हणतात. नाही हो! हा झटका म्हणजे पंप चांगला असल्याचीच खूण. पात्याच्या दांड्यावर एक लोहचुंबक असतो आणि भोवती लोखंडी पट्ट्या असतात. चुंबक त्या पट्ट्यांकडे ओढला जातो, म्हणून फिरताना टप्प्याटप्प्यानं अडतो. मुळीच न फिरणं किंवा नुसतं सैल डुगडुगणं, हे मात्र वाईट लक्षण.

विहिरीवरची मोटर आणि मशीनमधला पंप

या पंपाची गोष्ट थोडी सविस्तर सांगितलीच पाहिजे, कारण मला तो सबंध मशीनमधला सर्वांत हुशार भाग वाटतो. ताकद ३० वॉटच्या आसपास, म्हणजे छतावरच्या साध्या पंख्याच्या निम्म्यानंही नाही. चुंबक असलेला दांडा पाण्यातच फिरतो. पण तारांची कॉइल मात्र प्लॅस्टिकच्या भिंतीपलीकडे, पूर्ण कोरडी! वीज आणि पाणी यांची गाठच पडू दिलेली नाही. कॉइलचं चुंबकत्व भिंतीतून पलीकडे पोचतं आणि चुंबकाला फिरवतं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागंपुढं होते. चुंबक तिच्या तालावर फिरतो, सेकंदाला ५० फेरे, म्हणजे मिनिटाला ३०००.

तो सुरू होताना डावीकडे फिरेल की उजवीकडे, हे मात्र त्याचं त्यालाही माहीत नसतं. आज असा, उद्या तसा! म्हणूनच त्याच्या पात्याची पानं पंख्यासारखी वळवलेली नसतात, सरळ असतात. कुठूनही फिरलं तरी पाणी बाहेरच फेकलं जावं.

"फेकलं जावं" हा शब्द इथं महत्त्वाचा. तुमच्यापैकी गावाकडे राहणाऱ्यांनी शेतातल्या विहिरीवरचा पंप पाहिला असेल. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणी बनलेले असे पंप महाराष्ट्रभर विहिरींवर बसले. तो पंप आणि हा मशीनमधला छोटा पंप, दोघं सख्खे चुलतभाऊ. पातं गरगर फिरतं, मधलं पाणी कडेला फेकतं, कडेनं ते पाइपात शिरतं आणि मध्यभागी रिकामी झालेली जागा भरायला मागचं पाणी धावतं. ओला टॉवेल गोल फिरवला की थेंब बाहेर उडतात ना, तसंच.

आता शेतकरी हा काठावरचा पंप सुरू करण्याआधी काय करतात आठवा. पंप कोरडा पडला असेल तर आधी त्यात वरून पाणी भरतात. का? कारण पंपात नुसती हवा असेल तर पातं कितीही फिरो, हवा इतकी हलकी की तिला नीट फेकताच येत नाही. पंप रिकामा फिरत राहतो, पाणी काही वर येत नाही.

हाच प्रकार मशीनमध्ये घडतो, फेसामुळे! फेस म्हणजे काय? थोडं पाणी आणि पुष्कळ हवा. हातानं कपडे धुण्याची भरपूर फेसाळणारी पावडर फ्रंट लोडिंग मशीनमध्ये मूठभर टाकली, की ड्रम फेसानं भरतो आणि पंपाच्या हाती पाण्याऐवजी फेस येतो. पंप चांगला, गाळणी स्वच्छ, पाइप मोकळा, तरी पाणी जाता जात नाही. काचेतून नुसता पांढरा फेस दिसत असेल तर काही उघडू नका. मशीन बंद करून तासभर थांबा. फेस बसेल, मग पावडर न टाकता नुसतं खळबळण्याचं चक्र लावा. जाहिरातीत फेस फार छान दिसतो, पण कपडे स्वच्छ होण्यासाठी एवढा फेस लागत नाही.

मशीनला कळतं कसं?

पाणी गेलं आहे, तरी मशीन दार उघडत नाही किंवा पुढं सरकत नाही, असंही होतं. म्हणजे मशीनला वाटतंय की पाणी अजून आहे. पण मशीनला वाटतं म्हणजे काय? त्याला डोळे थोडेच आहेत?

एक प्रयोग करा. प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या, मोठ्यांकडून तिचा तळ कापून घ्या. तोंडावर एक फुगा चढवा. आता बादलीभर पाण्यात ती बाटली, कापलेली बाजू खाली करून, सरळ खाली दाबा. फुगा उठून उभा राहतो! बाटलीतली हवा कोंडली गेली, पाण्यानं तिला वर ढकललं, ती फुग्यात शिरली. वर ओढा, फुगा पुन्हा मान टाकतो.

मशीनमध्ये पुष्कळदा हेच असतं. टबाच्या तळापासून एक बारीक नळी वर जाते. फुग्याच्या जागी एक पातळ रबरी पडदा. टबात पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते, पडदा हलतो आणि मशीनला पाण्याची उंची कळते. टबात दहा सेंटिमीटर पाणी चढलं तर हा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याएवढा वाढतो, तरी पडद्याला तो पुरतो. त्या नळीच्या तोंडाशी साबणाचा साका धरला की हवा आत अडकून पडते आणि मशीन कोरड्या टबाला भरलेला समजतं. नळी मशीनच्या पोटात असते, त्यामुळे ती साफ करणं मेकॅनिकवर सोडायचं. पण "पाणी जातंय, तरी मशीनला कळत नाहीये" हे वाक्य त्याला सांगितलंत की तो चमकून तुमच्याकडे बघेल.

काही वेळा तर काहीच झालेलं नसतं. मधेच वीज गेली, मशीन थांबलं, पाणी आत राहिलं. किंवा कपड्यांना चुण्या पडू नयेत म्हणून पाणी आत ठेवूनच थांबण्याचं बटण कुणीतरी चुकून दाबलेलं असतं. किंवा एकटी जाड चादर नाहीतर गोधडी ड्रममध्ये एका बाजूला गोळा झालेली असते. तोल जातोय म्हणून मशीन जोरात फिरायला नकार देतं, कपडे निथळत राहतात आणि आपण म्हणतो पाणी गेलं नाही. चादर पसरून, जोडीला दोन टॉवेल टाकून पुन्हा लावा.

फिल्टर धुऊन परत बसवताना त्याची रबरी कडी जागेवर आहे ना ते पाहा, आट्यात नीट बसवून घट्ट पिळा. पुन्हा मशीन लावाल तेव्हा सुरुवातीची पाच मिनिटं बुचाच्या खाली एक कोरडा कागद ठेवा. कागद ओला झाला तर बूच तिरकं बसलंय. दर महिन्याला एकदा हे बूच उघडायचं, असं कॅलेंडरवर लिहून ठेवा. रद्दीवाल्याच्या शेजारी ती नोंद शोभून दिसेल. आणि घरात लहान भावंडं असतील तर काम संपल्यावर मशीनचं दार कायम लावलेलं ठेवा. आत चढून लपायला ती जागा त्यांना फार आवडते, आणि दार बाहेरून लागलं तर आतून उघडता येत नाही.

हे सगळं करूनही पंप गप्पच असेल, तर मेकॅनिककाकांना बोलवा. त्यांना सांगा, मोरी मोकळी आहे, पाइप सरळ आहे, फिल्टर साफ केलाय, पंपाचा आवाज येत नाही. ते पंप बदलत असतील तर आदबीनं विचारा, "काका, जुना पंप बघू का?" वॉरंटीत असेल तर तो त्यांना परत न्यावा लागतो. नसेल तर मागून घ्या. त्याला प्लग-वायर कधीही जोडायची नाही. मोठ्यांच्या मदतीनं पातं आणि दांडा बाहेर निघाला तर आत एक काळा, करंगळीएवढा लोहचुंबक मिळेल. त्याचं उत्तर टोक आणि दक्षिण टोक वर-खाली नसतात. अंगावरच, समोरासमोर असतात. भूगोलाच्या तासाचं होकायंत्र त्याच्याजवळ ठेवा, चुंबक हातात हळूहळू फिरवा आणि सुई काय करते ते बघा.